बॉटलग्रीन ब्लाउजपीस

रत्नागिरी, ६ मार्च १९९९

उमा,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. तुझं पत्र पोचलं. तुला सातवा लागला हे वाचलं आणि पत्र गल्ल्यात ठेवलं, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं. एका बाईला परकराच्या नाड्या हव्या होत्या. त्या दिल्या, मग पत्र पुन्हा काढून वाचलं.

तू वर्षभराने लिहिलंस, मीही वर्षभराने लिहितो आहे, म्हणजे आपली फिटंफाट झाली. तू गेलीस तेव्हा मी बोललो ते बोललो. "पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस" हे शब्द माझेच, आणि निम्म्या आळीने ते ऐकले, त्यामुळे नाकारायची सोयही नाही. लोकांना वाटतं मला तुझ्या लग्नाचा राग होता. सलीलच्या घरचे जातीने कोण आणि त्याचे वडील गुहागरात काय करतात, हे मी चार दिवसांत गिळलं असतं. राग आला तो तू विशाखापट्टणमला निघालीस याचा. फ्रॉक घालायचीस तेव्हापासून तुला दुकानाच्या पायरीवर उभी करून मी रंग शिकवले. हा मोरपंखी, हा रामा, हा आमसुली. मॅचिंगचं दुकान नजरेवर चालतं, आणि माझ्यानंतर या आळीत तशी नजर तुझीच होती. ती तू दुसऱ्या समुद्राकाठी घेऊन गेलीस. मला ते सोसलं नाही.

असो. सोबतच्या पार्सलात डोहाळजेवणाची ओटी आहे. साडी हिरवी, शेजारच्या जनीकाकूंनी पसंत केलेली. फॉल-पिको सोनूबाईंनी केलं. तू गेल्यावर मी त्यांना मशीनवर बसायला ठेवलं, हात चांगला आहे, तोंड जरा जास्त आहे. आता त्या शिमग्याला गावी गेल्या आहेत, त्यामुळे ब्लाउजपीस मी एकट्याने काढला. साडीचे काठ गडद आहेत, त्यांना बॉटलग्रीनच हवा, पोपटी भडक दिसला असता. काढला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि पायरीवर उजेड उरला नव्हता. पण बॉटलग्रीन मला ट्यूबलाइटखालीही कळतो, दुसरा कुणी असता तर सकाळपर्यंत थांबला असता.

तुझी आई असती तर तिने नारळ, तांदूळ, हळकुंड घालून रीतसर ओटी भरली असती. मला कापडातलं कळतं, मी तेवढं करतो. ब्लाउज शिवून घे, साडी नेस, आणि एक फोटो काढून पाठव. मॅचिंग कसं दिसतं ते बघायचं आहे.

तब्येत सांभाळ.

आप्पा


रत्नागिरी, १९ ऑगस्ट १९९९

उमा,

फोटो आला नाही. पत्रही नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, पार्सल परत आलेलं नाही म्हणजे पोचलं. सरकारी माणसाचा हिशेब असाच असतो.

पोचल्याचं मात्र मला दुसरीकडून कळलं. एसटी स्टँडवर सलीलचे वडील लवूशेठ भेटले. मी ओळख दाखवणार नव्हतो, पण तेच समोर आले. म्हणाले, "काय शेट, आजोबा झालाव, ठाव हाय न्हवं?" मी म्हणालो, ठाऊक आहे. मला काही ठाऊक नव्हतं. तू सुटलीस, दोघं सुखरूप आहात, एवढं त्यांच्या बोलण्यातून उमगलं. मुलगा की मुलगी ते विचारता येईना. विचारलं असतं तर माझ्या लेकीने मला कळवलेलं नाही हे उघडं पडलं असतं. मी गाडीची पाटी वाचत उभा राहिलो.

जाता जाता ते म्हणाले, "तुमचा पार्सल उघडलान न् रडाय लागली. दोन दिस कुनाशी बोलली नाय म्हनं. सलीलचा फोन आल्ता." मला ऐकून बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. एवढा जीव लावशील असं वाटलं नव्हतं. तुझा स्वभाव माझ्यासारखा, रडलीस हे कळवायला तुला लाज वाटत असेल, म्हणून पत्र लांबलं असेल, असं मी धरून चालतो.

गणपती तोंडावर आले आहेत. मखरांच्या लेस, सॅटिनच्या रिबिनी, जरीचे गोंडे यांनी दुकान भरलंय, आत शिरायचं तर आडवं व्हावं लागतं. मालगुंड, गुहागर, जयगडकडच्या बायका अजून तुझ्या वेळेसारख्याच कंडक्टरबरोबर चिंध्या पाठवतात. कागदाला टाचणीने कापडाचा तुकडा लावलेला, खाली 'अस्तर द्या' नाहीतर 'रीळ द्या' एवढंच, सहीसुद्धा नाही. संध्याकाळच्या गाडीने माल परत गेला पाहिजे. या बायका मला कधी भेटलेल्या नाहीत, पण कोणाकडे कसलं लग्न निघालंय हे मी चिंधीवरून सांगू शकतो.

तू दोन ओळी लिही. मग पुढचं मी बघतो.

आप्पा


रत्नागिरी, ४ जुलै २०००

उमा,

जूनचा हंगाम यंदा भांडणात गेला. इथल्या एका शाळेने मुलींना नेव्ही ब्लू रिबिनी सक्तीच्या केल्या आहेत. मी मुंबईहून बॉक्स मागवले, पहिल्याच आठवड्यात खपले. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर आयांची रांग लागली. प्रार्थनेला मुलींना बाजूला काढून उभं केलं म्हणे, कारण रिबिनी काळ्या! भार्गवी मॅडम म्हणून एक तरुण शिक्षिका आहेत, त्या स्वतः आल्या. रिबीन काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "आप्पा, ही निळी आहे का?" मी म्हणालो, आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच असं म्हणालात तर आम्ही कुणाला विचारायचं?"

मी व्यापाऱ्याला पत्र लिहून झाडलं. त्याने उलट टपाली कळवलं की बॉक्सवर 'ब्लॅक' छापलंय, वाचून घ्या. छापायला काय जातं.

एवढ्यावर भागलं नाही. एकीने जांभळं रीळ मागितलं, दिलं, तर चॉकलेटी दिलं म्हणून परत आली. सावित्री नावाच्या शिक्षणखात्यातल्या एक बाई आहेत, त्यांनी बॉटलग्रीन अस्तर नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून टाकलं, म्हणे हे काळं आहे. लोकांना हल्ली रंगच कळेनासे झाले आहेत. टीव्हीमुळे असावं. मी बदलून दिलं, वाद घातला नाही. म्हणजे घातला, पण थोडा.

माझ्या हातून रंग चुकला असं या आळीत आजवर कुणी म्हटलेलं नाही. दुसऱ्या कुणाला नसलं तरी तुला ते पक्कं ठाऊक आहे.

पार्सल पाठवून दीड वर्ष होत आलं. तुझं मूल आता उभं राहून पावलं टाकत असेल. तू लिहीत नाहीस याचं मला वाईट वाटतं. हे सरळ लिहितो आहे, कारण आडून लिहिलेलं तू वाचत नाहीस असा माझा समज होत चालला आहे.

आप्पा


रत्नागिरी, १० डिसेंबर २०००

उमा,

सोनूबाईंनी मला पकडलं, की मी त्यांना, ते सांगता येत नाही. गिऱ्हाईक पायरी उतरलं की या बाई काहीतरी निमित्त काढून मागोमाग बाहेर जायच्या. मला वाटलं, गप्पा मारायला जातात. काल मीही उठून दाराशी गेलो. पाहतो तर पायरीवर उभ्या राहून त्या बाईच्या हातातलं रीळ काढून घेताहेत आणि पदराखालून दुसरं काढून देताहेत. माझ्या दुकानात, माझ्यामागे, माझे रंग बदलले जात होते!

मी ओरडलो. बाजूच्या भांड्यांच्या दुकानातले लोक बाहेर आले. सोनूबाई तसूभर हलल्या नाहीत. म्हणाल्या, "वरडा. पन आधी डोलं दाखवून या. दिवालीपास्नं मी ह्येच करतंय. दुकान तुमचं हाय, गिऱ्हाईक पन तुमचंच जाईल."

मग आज डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला जुना. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू होतं, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. गडद रंग आधी जातात. निळा, हिरवा, जांभळा सगळे एका काळ्यात जमा होतात. "तुम्ही कोऱ्या चहातून जग बघताय," म्हणाले. मी म्हणालो, मला व्यवस्थित दिसतं, मी अजून सुईत दोरा ओवतो. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि रंग विचारला. मी निळा म्हणालो. त्यांनी नर्सकडे बघितलं, आणि ती बिचारी खाली बघायला लागली.

जानेवारीत ऑपरेशन आहे. तुला काळजी वाटावी म्हणून हे लिहीत नाही. आळीत मी कुणाला सांगितलेलं नाही, पण कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

आप्पा


रत्नागिरी, २२ फेब्रुवारी २००१

उमा,

हे पत्र फाडू नकोस. आधीची फाडली असशील तर ती गेली, पण हे पूर्ण वाच.

ऑपरेशन होऊन महिना झाला. डॉक्टरांनी आठवडाभर घरी बसवलं, मग दुकानात जायची परवानगी दिली. पहिल्या सकाळी मी शटर उघडलं आणि रिळांच्या कपाटासमोर उभा राहिलो. मला हसू येत होतं. निळ्या रंगाचे किती प्रकार असतात हे मी विसरूनच गेलो होतो. सोनूबाई म्हणाल्या, "बसा आता बगत, मी गिऱ्हाईक सांभालतंय."

मग मी ब्लाउजपीसच्या ताग्यांकडे वळलो. हिरव्यांचा खण तुला आठवत असेल, वर पोपटी आणि खाली खाली गडद होत जाणारा. सगळ्यात खालचा तागा काळा होता.

मी म्हणालो, "हा इथे कुणी आणून ठेवला?" सोनूबाईंनी मशीनवरून मान वर केली. "तुमीच. मी शिमग्याला गेल्ती त्या वर्साला नवा माल आल्ता, तो तुमी लावलाव. मी आल्यावर म्हनलं, ह्यो हितं नको, तर माझ्या अंगावर आलाव. मंग मी गप ऱ्हायली."

मी तो तागा पायरीवर नेला. सकाळची वेळ, ऊन पायरीवरच होतं. काळाच होता, त्यात हिरव्याची झाक म्हणून नव्हती. त्या संध्याकाळी तुझ्या ओटीचा ब्लाउजपीस मी याच ताग्यातून कापला होता.

म्हणजे तू पार्सल उघडलंस तेव्हा हिरव्या साडीवर काळं कापड ठेवलेलं होतं. सातव्या महिन्यात, ओटीत. दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर तू म्हणाली असतीस, चुकलं असेल, दुकानदाराने घाईत बांधलं असेल. पण ते माझ्याकडून आलं होतं, आणि माझा रंग चुकत नाही हे मीच तुला पायरीवर उभी करून शिकवलं होतं. मग तू दुसरं काय समजणार! बापाने पायरी बंद केली आणि वर पोटातल्या बाळावर काळं टाकलं, असंच समजलीस ना? लवूशेठ म्हणाले, रडली, तेव्हा मी मनातून खूश झालो होतो. ते आठवलं की मला बसवत नाही.

उमा, तो मला हिरवा दिसला. मला तो अगदी चांगला, गडद, काठाला शोभणारा बॉटलग्रीन दिसला, आणि असं मॅचिंग मिळालं म्हणून मी त्या संध्याकाळी आनंदात होतो.

हे तुला पटेल का, मला माहीत नाही. चुकलं की डोळ्यांवर ढकलायचं, असं वाटू शकेल. दुसरा ब्लाउजपीस सोबत पाठवावा असं आधी मनात आलं, कापलाही, पण पाठवत नाही. खराब माल बदलून दिल्यासारखं होईल, आणि तू गिऱ्हाईक नाहीस.

आप्पा


रत्नागिरी, १५ नोव्हेंबर २००१

उमा,

उत्तर आलं नाही. मागचं पत्र मिळालं असेल असं धरतो.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. दुकान बरं चाललं आहे, म्हणजे तयार ब्लाउज विकणारी दोन दुकानं आळीत नवीन झाली त्या मानाने बरं. मुलींना आता अस्तर, हुक, बटणं वेगवेगळी घ्यायचा कंटाळा येतो. हुक-काज करणाऱ्या मथुराबाईंनी काम सोडलं, नजर गेली म्हणाल्या. मी त्यांना डॉक्टरचा पत्ता दिला. आता आळीत ज्याला त्याला मी तो पत्ता देतो, लोक मला टाळतात.

तो काळा तागा मी विकत नव्हतो. सोनूबाईंनी मला न विचारता संक्रांतीच्या काळ्या साड्यांचे ब्लाउज आतापासूनच शिवायला टाकणाऱ्या बायकांना कापून दिला, आता थोडासुद्धा शिल्लक नाही. बरं केलं.

यापुढे मी तुला पुन्हा पुन्हा लिहून त्रास देणार नाही. मी इथे आहे आणि मला चांगलं दिसतं, एवढं ध्यानात असू दे.

आप्पा


रत्नागिरी, २८ एप्रिल २००२

उमा,

स्टँडवर बसून, संध्याकाळची गाडी सुटायच्या आत हे लिहायचं आहे, तेव्हा अक्षर समजून घे.

सकाळच्या गुहागर गाडीचा कंडक्टर नेहमीसारखा चिंध्यांचं पुडकं देऊन गेला. म्हणाला, "एक गुहागरासून हाय, सांच्या गाडीला परत द्या म्हनाल्यात." मी एकेक कागद उलगडत गेलो. अस्तर, रीळ, पांढरं इलॅस्टिक. मग एका कागदाला हिरव्या साडीचा तुकडा टाचलेला, काठासकट. खाली लिहिलेलं, 'राहीच्या परकराला हे कापड वापरते आहे. पोलक्याला मॅचिंग द्या.' सही नाही.

अक्षर ओळखायला मला ऑपरेशनची गरज नव्हती.

सोनूबाई विचारायला लागल्या, काय झालं, बसा, पाणी घ्या. मी म्हणालो, मुलगी आहे. त्या म्हणाल्या, कुनाची? मी म्हणालो, माझ्या उमाची, राही नाव आहे, परकर घालण्याएवढी झाली आहे आणि इथे गुहागरात आली आहे. तीन वर्षांत जे मला माहीत नव्हतं ते सगळं दोन ओळींत कळलं. साडी तू टाकून दिली नाहीस, हेही कळलं.

तुकडा घेऊन पायरीवर गेलो. हिरव्यांच्या खणातले खालचे तागे एकामागून एक उन्हात आणले. एक किंचित निळसर होता, एकाला चकाकी जास्त होती. तिसरा काठाला लावला आणि काठ संपून तागा कुठे सुरू होतो ते कळेना. तरी मी सोनूबाईंना हाक मारली. तू गेल्यापासून रंगाच्या बाबतीत मी कुणाला विचारलेलं नव्हतं. त्यांनी तुकडा हातात घेतला, ताग्यावर ठेवला, उलटा करून ठेवला, आणि म्हणाल्या, "ह्योच."

मग कापला. पोलक्याला लागतं त्याहून थोडं जास्त कापलंय, मुली भराभर वाढतात. कापड या पत्राबरोबर आहे. आधी अंगणात नेऊन उन्हात बघ. माझ्या शब्दावर घेऊ नकोस.

पोलक्याला पुढून बटणं लागतील. ती मात्र मी पाठवत नाही. दुकानात आहेत, शिंपल्याची आहेत, पितळी आहेत, कापडाने मढवून देता येतात, सोनूबाई त्यात पटाईत आहेत. पण लहान मुलीच्या पोलक्याची बटणं तिच्या अंगावर कापड धरूनच निवडायची असतात, हे तुला मी शिकवलेलं आहे. तू तिच्याएवढी असताना तुझी तशीच निवडली होती, आणि तू एक गिळलंही होतंस.

तेव्हा राहीला घेऊन ये. सकाळी लवकर ये, ऊन तेव्हा थेट दारात असतं. पायरीबद्दल मी जे बोललो होतो ते आळीसमोर बोललो होतो. ते मागेही मी आळीसमोरच घेईन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कंडक्टर घंटा मारतोय.

आप्पा